काहील, सांगड आणि पालक : चावडीतल्या संग्रहालयाच्या नोंदी

कृष्णाकाठी, पलूस तालुक्यात आमचं गाव. जुन्या चावडीत वाचनालयाने जमवलेल्या दीडएकशे वस्तू आहेत : शेतीच्या, नदीच्या, गुऱ्हाळाच्या. औंधचं संग्रहालय बघून आलेला माणूस इथे आला की "एवढंच?" म्हणतो. एवढंच. पण एवढ्याची निगा राखायलाही पैसा लागतो आणि वाचनालयाचं अनुदान पुस्तकांतच संपतं. म्हणून "एक वस्तू, एक पालक" ही योजना काढली. वस्तू गावाची, तिच्या निगेचा खर्च पालकाचा. मी वाचनालयाची चिटणीस. दुसऱ्या कुठल्या गावाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

१४ फेब्रुवारी २०२४

पैसे मागायच्या आधी जुनी नोंदवही काढली. "नांगर एक, लाकडी, वरच्या आळीतून." बस, एवढीच नोंद. दिला, की ठेवायला दिला? आणून देणारे वारले, घेणारेही वारले. सगळ्या वस्तूंचे तीन ढीग केले : दान दिलेल्या, उसन्या आणलेल्या, आणि कुणाच्या ते कळत नाही अशा. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला.

मालक नक्की नसलेल्या वस्तूसाठी पालक शोधायचा नाही असं समितीत ठरलं. अध्यक्ष नाराज झाले. चांगल्या चांगल्या वस्तू त्याच ढिगात होत्या. पण उद्या एखाद्याने तीन वर्षं पैसे भरले आणि मूळ घरचा नातू दारात ट्रॅक्टर घेऊन उभा राहिला तर काय सांगायचं, यावर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

२ मार्च

दर ठरवले. इथे बराच घोळ होतो म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला मसुदा वस्तूच्या "किमती"वर होता. महाग वस्तू, मोठा दर. तो फाडला. एक तर किमती आपल्याला माहीत नाहीत, आणि छापल्या तर भंगारवाल्यापासून चोरापर्यंत सगळ्यांना आयती यादी मिळते. आता दर खर्चावर आहे : पहिल्या वर्षी दुरुस्ती आणि वस्तू ठेवायची बैठक, पुढची दोन वर्षं फक्त निगा, आणि दोन्हीवर पाव हिस्सा सामाईक खात्याला. वाळवीचं औषध, वीजबिल, खोकी आणि जाळ्या या खात्यातून. यासाठी कुणीच वेगळी देणगी देत नाही. "अमुक यांच्या स्मरणार्थ वाळवीचं औषध" अशी पाटी कोण लावून घेईल?

करार एका पानाचा. मालकी पालकाची नाही. वस्तू घरी न्यायची नाही. उपचार कसा करायचा ते समिती ठरवेल. नाव माहितीच्या कार्डावर खाली, ठरलेल्या आकारात. वस्तू कधी मांडायची, कधी पेटीत ठेवायची तेही समितीकडे. पैसे परत नाहीत. यातल्या उपचाराच्या कलमावर सही करताना कुणी थांबत नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडतं.

३१ मार्च

फोटोंसकट यादी गावात आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींना पाठवली. ग्रामोफोनला सात पालक तयार! मोटेला एकही नाही. सांगडीला (वाळक्या भोपळ्यांची जोडी, काखेखाली घेऊन नदी ओलांडायची) नाही. शेर-मापट्याच्या, म्हणजे धान्य मोजायच्या मापांच्या, जोडाला एक, तोही "ग्रामोफोन नाही मिळाला तर" या बोलीवर.

त्या ग्रामोफोनचा गावाशी संबंध म्हणाल तर एका वाड्यात तो पडून होता, एवढाच. मोटेने इथली चार पिढ्यांची शेती भिजवली. पण पितळी कर्णा चमकतो, त्याला आपण काय करणार.

उपाय : सुटी वस्तू द्यायची नाही, गठ्ठा द्यायचा. ग्रामोफोन हवा तर त्याच्याबरोबर सांगड आणि पाटी-दौत घ्यायची. सातांतले तिघे गळाले, चौघे राहिले. पैकी ज्यांचे वडील भोईवाड्यातून नदी ओलांडून शाळेला जायचे त्यांना हा गठ्ठा दिला. फोनवर ते ग्रामोफोनबद्दल बोलायचं विसरूनच गेले.

२० एप्रिल

काहील. गूळ करायची लोखंडी कढई, सहा फूट व्यासाची, पत्रे रिवेटांनी जोडलेले. २०१९ च्या पुरात हिच्यातूनच गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर काढली, म्हणून गावाचा हिच्यावर जीव. पालक म्हणजे एकेकाळचे गुऱ्हाळवाले तात्या. पैसे रोख हातात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ग्राइंडरवाल्या पोराला घेऊनच हजर. "घासून, रेड ऑक्साइड मारून देतो, दहा वर्षं बघायला नको."

करार दाखवावा लागला.

ग्राइंडर फिरला असता तर गंजाबरोबर बाकीचंही गेलं असतं. तळाला चुलवाणाची काजळी आहे, एका बाजूला बशीएवढं ठिगळ आहे, आणि त्याच्या रिवेटांची डोकी बाकीच्यांपेक्षा ओबडधोबड आहेत. म्हणजे ते कारखान्यात नाही, इथेच कुणीतरी हंगामात, गुऱ्हाळ थांबवून ठोकलेलं. तात्यांना ते दाखवलं. ते बराच वेळ बोटाने चाचपत बसले, मग ठोकणाऱ्याचं नाव सांगितलं. ते नाव आता कार्डावर जाईल.

कामाची पद्धत : सुटा गंज नायलॉनच्या आणि बारीक पितळी तारांच्या ब्रशने, कोरडाच काढायचा. पाणी नाही, चिंच नाही, लिंबू नाही. घट्ट बसलेला पातळ गंज मुद्दाम राहू द्यायचा, कारण पुढचं टॅनिक आम्ल त्या गंजालाच धरतं आणि त्याचा काळा, टिकाऊ थर होतो. स्वच्छ लोखंडावर त्याचा फारसा उपयोग नाही.

वैद्यकाकांचं म्हणणं, टॅनिक विकत कशाला, हिरड्यात तेच असतं. खरं आहे, कातडी कमवायला हिरडा वापरतातच आणि हिरडा-लोखंडाची शाईही व्हायची. एका गंजक्या खिळ्यावर काढा लावून पाहिला. काळा झाला, पण पट्टे पट्टे आले आणि दोन दिवसांनी चिकट लागायला लागला. काढ्यात टॅनिकशिवाय आणखी काय काय उतरतं त्याचा हा परिणाम असावा. खिळ्यावर भागलं, काहिलीवर नको.

१२ मे

टॅनिक आम्ल शुद्ध पाण्यात दहा टक्के, वर थोडं स्पिरिट, म्हणजे द्रावण पत्र्यावर नीट पसरतं. ब्रशने पातळ हात, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुढचा. पहिल्या हाताला निळसर डाग दिसले की घाबरू नका, दुसऱ्याला सारखं होतं. वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, केस वाळवायच्या यंत्राने पत्रा कोमट करून कापडाने चोळलं. आतून मेण, तळाच्या काजळीला हात लावला नाही.

खर्च : टॅनिक, मेण, स्पिरिट, ब्रश, हातमोजे, मास्क मिळून ₹४,६००. मजुरी नाही, वाचनालयाची पोरं होती. मेणाचा डबा अर्ध्याहून जास्त उरलाय, तो नांगराला जाईल.

वेळ वळवाने खाल्ला. दुपारी आभाळ भरून आलं की काम बंद. दमट हवेत दिलेला एक हात पांढुरका पडला, तो पुसून पुन्हा द्यावा लागला. हे काम करायचं तर मार्च-एप्रिलात करा.

९ जून

नंबर घालणे. आधीच्या समितीने पेंटरला बोलावून पांढऱ्या ऑइलपेंटने प्रत्येक वस्तूवर तळहाताएवढे आकडे काढून घेतले होते. धातूवरचे अॅसिटोनने, कापसाच्या बोळ्याने निघाले. लाकडात रंग मुरलाय, तिथले राहू दिले.

नवी रीत : पॅरालॉइड बी-७२ ही पारदर्शक राळ अॅसिटोनमध्ये विरघळवून नखाएवढा थर द्यायचा, वाळल्यावर त्यावर बारीक पेनने आकडा, वर दुसरा थर. कधी काढायचा झाला तर अॅसिटोनने थरासकट निघतो. आकडा दर्शनी बाजूला नाही, पण वस्तू उलटी न करता सापडेल असा. चामडं, कापड, भोपळा यांवर हे चालत नाही, तिथे सुती फितीने चिठ्ठी बांधली.

सांगड. भोपळ्याची साल आतून कागदासारखी झालीय, आपल्याच वजनाने बूड दबतंय. दोन गोल बैठका केल्या : फोम कापून वर मांजरपाट. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढली. खळीला किडे येतात. एवढ्याला ₹७००. सगळ्यात स्वस्त काम, आणि लोक थांबतात ते इथेच.

मोटेचं काय करायचं ते ठरत नाही. चामडं वाळून लाकूड झालंय. जो येतो तो एरंडेल लावा म्हणतो. वापरातल्या मोटेला तेल लागायचंच, ती रोज भिजायची, वाळायची. मांडलेल्या मोटेला तेल लावलं तर वर धूळ बसते, चिकटा येतो, चामडं काळं पडतं. आहे त्या आकाराला खालून आधार दिला आणि सोडून दिलं.

२६ जुलै

कोयनेतून विसर्ग सुरू आहे, पाणी पात्राबाहेर आलंय. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फूट इशारा आणि ४५ धोका. इथे शेंबडं पोरही हे आकडे सांगतं. २०१९ ला तिथे ५७ च्या वर गेलं होतं, तेव्हा चावडीत खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत पाणी होतं. भिंतीवर खूण आहे.

समितीने वाट न बघता वस्तू माडीवर चढवायला घेतल्या. कार्डांना आधीच रंगीत फिती लावल्या होत्या : लाल म्हणजे आधी (कागद, कापड, भोपळे, चामडं), पिवळी म्हणजे नंतर (लाकूड), फीत नाही म्हणजे जमलं तर. कागदावर फार सुंदर वाटत होतं. प्रत्यक्षात कुणीतरी उत्साहाने पहिल्यांदा नांगर उचलला, तो जिन्याच्या वळणावर अडकला, आणि मागे लाल फितींची रांग खोळंबली. नांगर उलटा फिरवून खाली आणेपर्यंत दिवे गेले. मग मोबाइलच्या उजेडात सगळं.

गावातल्या पालकांना निरोप गेला तसे निम्म्याहून जास्त लोक आले. आपापली वस्तू आधी उचलायची म्हणून थोडी ओढाताण झाली, पण हात तर मिळाले. नुसत्या देणगीदारांना रात्री नऊला निरोप धाडला असता तर कोण आलं असतं? ग्रामोफोनवाले पुण्यातून दर अर्ध्या तासाने फोन करत होते. चौथ्या फोनला त्यांना सांगितलं, सांगड वर गेली, ग्रामोफोन अजून खालीच आहे. "हां हां, सांगड आधी," म्हणाले.

राहिली काहील. जिन्यातून जात नाही, आणि मुळात ती बुडत नाही, तरंगते. मोकळी सोडली तर पाणी चढेल तशी दारं-खिडक्यांवर आपटत फिरेल. भोईवाड्यातल्या आप्पांनी जाड दोर आणून दोन खांबांना बांधली, दोर वर सरकेल अशी ढिली गाठ ठेवून. भोईवाड्याबाहेर ही गाठ कुणाला येत नाही. तिचा व्हिडिओ करून ठेवलाय.

४ ऑगस्ट

पाणी चावडीच्या पायरीपर्यंत येऊन उतरलं. आत आलं नाही. वस्तू खाली आणायची घाई करणार नाही, भिंती अजून घाम सोडताहेत.

काहिलीच्या कडेला, दोर जिथे घासला तिथलं मेण निघून लाल रेघ उठली. ब्रश, टॅनिक, मेण, पुन्हा तेवढ्याच जागेवर. पुढच्या वेळी दोराखाली जुन्या सतरंजीची पट्टी. नांगर कायमचा माडीवर नेला, भिंतीला टेकवून, पाऊस नसताना, पाते सोडवून.

१५ सप्टेंबर

कागदांचा गठ्ठा. सोसायटीच्या जुन्या वहीतल्या सुट्या पानांवर "जि. दक्षिण सातारा" असा शिक्का आहे. तारखा खाल्ल्या गेल्यात, पण हा जिल्हा १९४९ ला झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, म्हणजे पानं या अकरा वर्षांतली. शिवाय एका पानावर हिशेब आण्यांत, दुसऱ्यावर नव्या पैशांत. नवे पैसे एप्रिल १९५७ ला आले. शिक्का आणि नाणं धरून पानांचा क्रम लावला.

पालक साताऱ्यात असतात. मूळ पानं काचेखाली लटकवायची नाहीत म्हटल्यावर बिनसलं. "मी पैसे पेटीत बंद करायला दिलेत का?" खिडकीजवळ मोबाइलने उजेड मोजला, कागदाला सोसतो त्या पन्नास लक्सच्या कितीतरी पट. त्यांना फोटो पाठवला तो उजेडाचा नाही, आपल्याच एका जुन्या पानाचा. कुणीतरी भल्या मनाने ते लॅमिनेट केलं होतं. आता आतली शाई पसरलीय आणि प्लॅस्टिक निघत नाही. त्यानंतर स्कॅन मांडायला ते तयार झाले, मूळ पानं आम्लमुक्त खोक्यात. उरलेल्या पैशांतून मोडीतल्या चार कागदांचं लिप्यंतर करून घेतोय. त्यांच्याच पणजोबांची विहिरीच्या पाळीवरून झालेली तक्रार निघाली, तेव्हापासून फोन त्यांच्याकडूनच येतात.

१३ ऑक्टोबर

खंडेनवमी. लोखंडी नांगर घडवणारी किर्लोस्करवाडी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तो नांगर इथे देवाच्या जागी. पालकाच्या घरची मंडळी हळद-कुंकू, तेल, फुलं, नारळ घेऊन आली. कराराच्या आधारे नाही म्हणणं बरोबर झालं असतं आणि योजना तिथेच संपली असती.

नांगरासमोर पाट मांडला, पाटावर त्याचाच सुटा खिळा ठेवला, तो मूळचा नव्हे, नंतर बसवलेला. पूजा त्याची. आजींनी तरी एक कुंकवाचं बोट नांगराला लावलंच. मेणावर होतं, दुसऱ्या दिवशी कापसाने निघालं. माडीवर नारळ फोडू दिला नाही.

१८ नोव्हेंबर

शेर-मापट्याचा जोड. धाकट्या भावाने दान दिला, पालकही मिळाला, आणि आता थोरल्याची मुलगी म्हणते तो आमच्या वाटणीचा. जोड परत दिला नाही, पण मांडणीतून काढून पेटीत ठेवलाय, घरचे ठरवतील तोवर. पालकाचं वर्ष पुढे ढकललं.

जंगम वस्तूचं दान हातात देऊन पुरं होतं, दस्तनोंदणी लागत नाही. तरी यापुढे दानपत्रावर हयात भावंडांच्या सगळ्यांच्या सह्या. स्टँपवर करू म्हणणाऱ्यांना आता शंभरचा पुरत नाही, पाचशेचा लागतो. आम्ही साध्या कागदावर, दोन साक्षीदार आणि वस्तू हातात देतानाचा फोटो यावर भागवतो.

मागच्या खोलीचा ठराव ग्रामपंचायतीत आचारसंहितेमुळे लटकलाय. परवा मतदान, मग बघू.

२२ डिसेंबर

एका हौशी मंडळाला मळीच्या रानात नांगरताना निघालेल्या वीरगळाचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचं, पालक व्हायचंय. वीरगळ आमच्याकडे नाही आणि आम्ही आणणारही नाही. शंभर वर्षांवरचं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, त्याची नोंदणी लागते. आणि जमिनीतून निघालेल्या दहा रुपयांहून जास्त मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची हे १८७८ पासून आहे. शेतमालकाला घेऊन तहसीलला अर्ज दिला. मंडळाचा हिरमोड झाला. त्यांना मोट दाखवली, त्यांनी घड्याळ दाखवलं.

२३ फेब्रुवारी २०२५

वर्ष झालं, दुसरा हप्ता मागितला. गावातल्या पालकांनी जवळजवळ सगळ्यांनी भरला. बाहेरगावच्यांपैकी ज्यांना वर्षभरात आपण काही पाठवलं (फोटो, कागदाचं वाचन, पुराच्या रात्रीचा निरोप) त्यांनी भरला. ज्यांना फक्त पावती गेली ते गप्प आहेत. आता दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला त्याच्या वस्तूचा एक फोटो आणि काय केलं त्याच्या दोन ओळी. काही केलं नसेल तर "वाळवी नाही, गंज नाही" एवढंच.

एक पालक ग्रॅनाइटची पाटी घडवून घेऊन आले, वस्तूपेक्षा मोठी. वाचनालयाच्या बाकाला बसवली. बाक भक्कम आहे.

६ एप्रिल २०२५

वाचनालयाचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, पण देणगीदाराला आयकरात सवलत देणारं ८०जी नव्हतं. पहिल्या वर्षी प्रत्येक दुसऱ्या माणसाने तेच विचारलं. तात्पुरती नोंदणी मिळाली. तोवर कळलं की विचारणाऱ्यांतले बरेच जण नव्या करप्रणालीत आहेत, त्यांना या वजावटीचा उपयोगच नाही. तरी पावतीवर तो शिक्का असला की लोकांना बरं वाटतं. दोन हजारांवर रोख घेतली तर पालकाला सवलत नाही, म्हणून त्यापुढचं सगळं बँकेतून.

१०बीडी हा देणग्यांचा आयकराचा तक्ता ३१ मेपर्यंत भरायचा आहे, त्यात प्रत्येक पालकाचा पॅन, आधार किंवा तसा दुसरा सरकारी ओळख क्रमांक लागतो. तात्यांचा त्यातला एकही कागद सापडत नाही. उद्या पेटी उघडून बसणार आहेत, मला बोलावलंय.